टर्बो मोठा, क्लच तोच



आजचे श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातले, 16 आणि 17. आशय अगदी साधा. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप सगळं बेताचं, त्याचाच योग दुःख घालवतो.

खरं सांगू? हे दोन श्लोक मी कायम भरभर वाचून पुढे जायचो. डाएटिशियनचा सल्ला वाटायचा. मला ध्यान, समाधी असलं काहीतरी हवं असायचं. यंदाच्या एप्रिलमध्ये बोरघाट चढताना मात्र ते अंगावर आले.

माझ्याकडे सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस आहे, 2017 ची. कंपनीतून 230 पीएस. तिचा आयएस20 टर्बो काढून त्या जागी आयएस38 बसवायचा, हे या गाड्यांच्या वेडात पडलेल्या प्रत्येकाचं स्वप्न. गॅरेजवाल्या दादांनी आधीच बजावलं होतं, "टर्बो शेवटी घे. आधी इंटरकूलर, डाउनपाइप, हाय प्रेशर फ्युएल पंप, प्लग आणि गिअरबॉक्सचा क्लच." यादी ऐकूनच कंटाळा आला. इंटरकूलर कुणाला दाखवणार? मी टर्बो घेतला, ईसीयूचा मॅप बदलून घेतला आणि बाकीचं 'बघू नंतर' म्हणून सोडलं.

दादा काय सांगत होते ते आता कळतं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बाइन फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. पण दाबली की हवा तापते. उन्हाळ्यात दुप्पट दाबाला ती सहज शंभर अंशांच्या पुढे जाते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं. तो लहान पडला की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःच पेटू लागतं, म्हणजे नॉकिंग. सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच परत जाते. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून पंप. दाबात ठिणगी विझू नये म्हणून प्लगची फट कमी. आणि क्लच? तो साधारण कंपनीच्या 350 न्यूटन मीटरच्या हिशेबाने बसवलेला.

(जाता जाता: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि विम्याची अट हेही 'सपोर्टिंग पार्ट्स'च आहेत. मी तेही नंतरवर ढकललं होतं.)

याच महिन्यात माझ्या साधनेतही हेच चाललं होतं. एक व्याख्यान ऐकून पेटलो. पहाटे चारला उठणं, एकवेळ जेवण, रोज अकरा माळा, सगळं एकाच सोमवारी सुरू. ऑफिस रात्री अकरापर्यंत. चार तास झोप. अकराव्या दिवशी बाबांना घेऊन मुंबईला निघालो आणि परत येताना घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला. आरपीएम सरसर वर गेला, गाडी मात्र ओढेचना. क्लच घसरत होता. बाजूला ट्रक, मागून हॉर्न. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, मागे घे." मी त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. पुण्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती.

घरी येऊन ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला. माऊलींनी कुंडलिनी जागी होण्याचं इतकं विस्तारानं वर्णन केलंय की वाचताना आपलीही आत्ताच जागी होईल असं वाटतं. पण ते संपल्यावर अर्जुन थांबून विचारतो, की हे वाट्टेल त्याला जमतं का, की काही योग्यता लागते? आणि मग हे खाण्याझोपेचे श्लोक येतात. इतकी वर्षं मी वर्णन वाचत होतो, अर्जुनाचा प्रश्न गाळत होतो. नाम कमी पडलं असं मला वाटत नाही. नाम भरपूर होतं. ते झेलायला ना झोप होती, ना पोटात अन्न, ना घरातल्या माणसाचं बोलणं ऐकून घेण्याची सवय. तापलेल्या हवेसारखं सगळं भलतीकडे, भलत्या वेळी पेटलं.

'मग कमी साधना करायची का?' असं कुणीतरी विचारेलच. मला तसं वाटत नाही. बेताचं म्हणजे थोडं नव्हे. आज दहा मिनिटं झेपतात त्याला दहा, उद्या तास झेपला तर तास. पण झोप आधी.

आयएस38 सध्या काढून कपाटात ठेवलाय. जुना टर्बो परत चढवला. इंटरकूलर आणि क्लचसाठी पैसे साठवतोय आणि कागदपत्रांत काय बसतं ते विचारून घेतोय. माळा अकरावरून दोनवर आल्यात. सहाला उठतो, नाश्ता करून निघतो.

बाबांना अजून सॉरी म्हटलेलं नाही. काल त्यांनी विचारलं, "गाडी बरी आहे का आता?" मी "हो" म्हणालो आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं. आज संध्याकाळी ते फिरायला निघतील तेव्हा बरोबर जाणार आहे. चालत.

राम कृष्ण हरी.