निष्ठा यंत्राची कीं माणसाची?

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारांत ‘हाय फिडेलिटी’, संक्षेपानें ‘हाय-फाय’, ही संज्ञा आतां घरोघरीं परिचित आहे. ‘फिडेलिटी’ म्हणजे निष्ठा, इमान. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आलें, १९४८ सालीं दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली, आणि यंत्रानें मूळ ध्वनीशीं इमान राखावें ही अपेक्षा वाढत गेली. तिची कसोटी आंकड्यांची आहे. मनुष्याचा कान सामान्यतः सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकतो; तीं कमीअधिक न होतां परत ऐकूं आलीं, कीं यंत्र उत्तम.

आमचा प्रश्न असा कीं, हिला निष्ठा म्हणावें काय? निष्ठेची थोरवी बेइमानीच्या शक्यतेवर उभी असते. आरसा हुबेहूब दाखवितो, म्हणून त्यास कोणी सत्यवादी म्हणत नाहीं. यंत्राच्या अंगीं यथातथ्यता असूं शकेल. निष्ठा तें चालविणाऱ्याकडेच शोधली पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यांत केळापूर, मारेगांव, झरी-जामणी या तालुक्यांत कोलाम लोकांची वस्ती आहे. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या शेजारांत राहूनही द्राविड कुळांतील आहे. समजा, कोणी उत्तम यंत्र घेऊन एखाद्या पोडावर गेला व तेथील वृद्धेचें गाणें त्यानें टिपून आणलें. एकही कंपन सुटलें नाहीं. परंतु गाणारीचें नांव गाळून, गाण्याचा प्रसंग न सांगतां, तिची संमति न घेतां त्यानें तें बाजारांत विकलें, तर आंकड्यांच्या कसोटीस उतरलेलें हें मुद्रण इमानाच्या कसोटीस उतरेल काय? उलट, मरे एमेनो यांनीं १९३७-३८ मध्यें शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत या भाषेचा अभ्यास करून १९५५ सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पानांतून आवाज ऐकूं येत नाहीं. तरी बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द जपण्याची निष्ठा तेथें आहे.

मग खरखरणारें मुद्रणही चालेल काय? नाहीं. एक व्यंजन पुसट झालें तरी अर्थ पालटतो; म्हणून यथातथ्यता हें निष्ठेचें आवश्यक साधन होय. मात्र साधनासच साध्य मानणें घातक आहे. आज दिवंगत गायकाच्या कंठाची अशी नक्कल यंत्राकडून करवितां येते, कीं त्यानें कधींही न गाइलेलें गाणें त्याचेंच वाटावें. कानास तेथें उणें दिसणार नाहीं. म्हणून ध्वनि किती हुबेहूब आहे, एवढेंच विचारून भागणार नाहीं. ज्याचा तो आवाज, त्याच्याशीं आपण इमान राखलें काय, हेंही विचारलें पाहिजे. त्याचें उत्तर कोणतेंही यंत्र आपल्या वतीनें देणार नाहीं.