शपथ आणि सोबत

मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, असा उपदेश गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्याचे मनच व्यसनाने बांधले गेले, त्याने कोणत्या मनाच्या बळावर स्वतःस सोडवावे? आणि दुसऱ्याच्या आधाराने तो सुटला, तर त्याच्या निश्चयास उणेपणा येतो काय? या प्रश्नाचा थोडा विचार महाजन मंडळींपुढे मांडण्याची इच्छा आहे.

देवळाच्या आवारात वाढलेल्या आम्हांस दारू सोडण्याच्या शपथा नवीन नाहीत. घरची माणसे पुढे आणि तो गृहस्थ मान खाली घालून मागे, अशी मंडळी येतात. नारळ ठेवला जातो, आमचे तीर्थरूप गाऱ्हाणे घालतात, आणि तो गृहस्थ देवासमक्ष जन्मभराची शपथ घेतो. ती खोटी नसते. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांतील पाणी खरे असते. पण पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत शपथ मोडते, आणि पुढे घडते ते अधिक वाईट. शपथ मोडलेला माणूस देवळाची पायरी चढत नाही. दारूने त्याचे घर नेलेले असते. शपथ मोडल्याची लाज देवही नेते.

असेच एक शेजारी पालखीच्या रात्री आवाराबाहेर उभे होते. आम्ही त्यांस पाहून तोंड फिरवले. इतकेच नव्हे, तर देवाला फसवणाऱ्याने येथे येऊ नये, असेही बोललो. ते शब्द आम्हांस आजही बोचतात. वर्षभराने तेच गृहस्थ आमच्या दारी आले व म्हणाले, "आज सांजेला माझ्याबरोबर येशील? नुसते बसायचे आहे." पुढील हकीकत त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहोत.

एका चर्चच्या मागील खोलीत ती सभा होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मंडळाची ती खुली सभा असल्याने आमच्यासारख्यासही बसता आले. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावयाचे, असा रिवाज आहे. म्हणून कोण काय बोलले ते सांगत नाही. ऐकणाऱ्यांचे वर्तन मात्र सांगतो. आदल्या रात्री पुन्हा प्यालेल्या एकाने ते कबूल केले, तेव्हा कोणी उपदेश केला नाही, कोणी तोंड फिरवले नाही. शेजारच्याने त्यास चहा दिला आणि पुढच्या सभेस नक्की या, एवढेच सांगितले. आम्हांस आमची पालखीची रात्र आठवली.

या मंडळाचा उगम अमेरिकेत झाला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा, नुकतीच दारू सोडलेला गृहस्थ ओहायो प्रांतातील अॅक्रन शहरी व्यवसायानिमित्त गेला होता. व्यवहार फसला, आणि पाय हॉटेलातील मद्यगृहाकडे ओढू लागले. तेव्हा त्याने आपल्यासारखाच कोणी दारूपीडित भेटतो काय, याचा दूरध्वनीवरून शोध घेतला. त्यास डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. त्याच वर्षीचा १० जून हा दिवस डॉक्टरांच्या शेवटच्या घोटाचा म्हणून मंडळाचा स्थापनादिन मानतात. विल्सन दुसऱ्यास सुधारण्यासाठी नव्हे, तर स्वतः वाचण्यासाठी गेला होता; आणि दोघेही वाचले. येथे दाता कोण आणि याचक कोण, हे ठरवता येत नाही. भारतात या सभा १९५७ पासून भरू लागल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोबत घेणे म्हणजे आपला भार दुसऱ्यावर टाकणे नव्हे. सभेपर्यंत स्वतःच चालत जावे लागते; आपल्याविषयीचे सत्य स्वतःच्या तोंडानेच उच्चारावे लागते. मंडळाच्या बारा पायऱ्यांत आपण दुखावलेल्यांची यादी करणे आणि शक्य तेथे त्यांची भरपाई करणे याही पायऱ्या आहेत. व्यसनास आजार म्हटल्याने जबाबदारी टळते, ही शंका येथे फिटते. देवळातील शपथ जन्मभराची असते आणि ती एकट्याने वाहावयाची असते. तेथला निश्चय आजच्या दिवसापुरता असून तो अनेकांमध्ये वाहिला जातो. भार तोच, वाहण्याची रीत निराळी. यास आम्ही सत्संगच म्हणू.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या समीक्षेत २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्तींचा विचार केला होता. या सभांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार, अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले. सर्वांस गुण येतोच असे मात्र नव्हे.

ज्यांस गरज असेल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. सदस्यत्वास वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नाही. एक सभा रुचली नाही तर दुसरी पाहावी. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हे निराळे मंडळ आहे. सभांचा पत्ता मंडळाच्या कार्यालयातून किंवा व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडून मिळतो. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनीही आहे. एक सूचना विशेष महत्त्वाची: रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, वातभ्रम होऊ शकतो, जिवासही धोका संभवतो. म्हणून आधी डॉक्टरांस भेटावे. शपथ घेण्यास आलेल्यांस आम्ही आता हे प्रथम सांगतो.

शेवटी एक विनंती. आमच्या देवालयाच्या अग्रशाळेतील एक खोली आठवड्यातून एका संध्याकाळी अशा सभेसाठी द्यावी काय, याचा महाजनांनी विचार करावा. ही मंडळी बाहेरची देणगी घेत नाहीत. खोलीचे भाडे स्वतः देतात. आपण फक्त नावे विचारू नयेत आणि दाराशी कोणास उभे करून पाहू नये. पालखी देवळातून निघते ती जे आत येऊ शकत नाहीत त्यांसही दर्शन व्हावे म्हणून, असे तीर्थरूप सांगतात. त्या रात्री पालखी शेजाऱ्यांपुढून गेली होती. तोंड फिरवले ते आम्हीच.