हयातीचा दाखला

भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पूर्णा म्हणून एक गांव आहे. एके काळीं येथें भाताचीं खाचरें होतीं. आतां रस्त्याच्या दोहों बाजूंस गोदामांच्या पत्र्याच्या भिंती लागल्या आहेत, आणि मुंबईकर घरबसल्या ज्या वस्तू मागवितात त्यांपैकीं पुष्कळशा याच टापूंतून निघतात. गेल्या दिवाळीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही तेथें गेलों होतों. विद्यार्थी अशाच एका गोदामांत हिशेबनीस आहे. त्यानें मोठ्या हौसेनें आम्हांस गोदाम दाखविलें. पट्ट्यावरून खोकें सरकत येतें, त्यावरील काळ्या रेघांवर तांबडा प्रकाश पडतो, आणि तें कोठून आलें, कोणाकडे जावयाचें, हें सर्व यंत्रास क्षणांत कळतें. क्वचित् एखादें खोकें यंत्रास ओळखूं आलें नाहीं तर तें बाजूस ठेवितात, आणि एक मनुष्य येऊन तें आपल्या डोळ्यांनीं तपासतो. ओळख पटली नाहीं म्हणून खोक्यास कोणी हांकून देत नाहीं.

तेथून त्याच्या घरीं गेलों, तों ओटीवर त्याचे आजोबा बसलेले. वय चौऱ्याहत्तर, भिवंडींतील एका सायझिंगच्या कारखान्यांत तीस वर्षें खळीच्या वाफेंत काम केलेलें, बोटांचीं अग्रें झिजून गुळगुळीत झालेलीं. १९९५ सालच्या नोव्हेंबरांत अंमलांत आलेल्या कामगार निवृत्तिवेतन योजनेखालीं त्यांना दरमहा दोन हजारांच्या आंत कांहीं रक्कम मिळते. ती दोन महिने आली नव्हती. कारण एवढेंच कीं, वर्षांतून एकदां द्यावयाचा हयातीचा दाखला यंत्रानें मान्य केला नव्हता. तीन वेळां ते केंद्रावर जाऊन आले. तीनही वेळां त्यांनीं बोटें कांचेवर ठेविलीं, आणि तीनही वेळां हीं बोटें आपल्या ओळखीचीं नाहींत असें यंत्रानें सांगितलें. शेवटीं, मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची जी सोय २०२१ सालापासून झाली आहे, तिचा प्रयोग नातवानें केला. पापण्या मिटून उघडा, अशी यंत्राची आज्ञा. आजोबांचे डोळे मोतीबिंदू काढलेले. ओटीवरच्या उजेडांत पांचव्या खेपेस तें साधलें, आणि पैसे आले. घरांत सर्वांस आनंद झाला. आजोबा मात्र आम्हांस म्हणाले, "मास्तर, एक सांगा. मी मेलों असें कोणीं यांना कळविलें होतें?"

कोणींच कळविलें नव्हतें. मौनास संमति मानण्याची चाल जुनी आहे. येथें मौनास मरण मानलें गेलें. त्या वेळीं आम्हीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला. पण परतीच्या वाटेवर तो कांहीं केल्या पाठ सोडीना, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

आरंभींच सांगतों कीं, आम्ही यंत्राचे वैरी नव्हों. मनीऑर्डर आपल्या देशांत १८८० सालीं सुरू झाली, आणि तिच्या आठवणी आमच्या पिढीस आहेत. पोस्टमन दारांत येई, नांवानें हांक मारी, साक्षीदारासमक्ष अंगठा घेई आणि नोटा मोजून हातांत देई. हें चित्र दुरून फार गोड दिसतें. परंतु त्या नोटांपैकीं एखादी चहापाण्यासाठीं मागें राहत असे, हें विसरून कसें चालेल? कचेरीच्या व्हरांड्यांत बसून राहिलेल्या निराधार बायका, "पुढच्या सोमवारीं या" हें ठरलेलें उत्तर, आणि मध्येंच उगवणारा तो परोपकारी गृहस्थ, जो अमुक रुपयांत काम करून देण्याचें आश्वासन देतो, हें सर्व आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. १ जानेवारी २०१३ पासून सरकारी पैसा थेट खात्यांत जमा करण्याची जी पद्धत देशांत सुरू झाली, तिनें या हातांची सांखळी बऱ्याच अंशीं तोडली. जें मिळवावयास कोणाच्या पायां पडावें लागत नाहीं, तें घेतांना मान ताठ राहते. हा लाभ लहान नव्हे. आणि ही वाट आपण एकटेच चालत आहों असेंही नाहीं. अमेरिकेंत सामाजिक सुरक्षेच्या मासिक वेतनाचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० रोजीं आयडा मे फुलर या बाईंच्या नांवें निघाला. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. त्याच देशाच्या सरकारनें ३० सप्टेंबर २०२५ नंतर, कांहीं अपवाद ठेवून, कागदी धनादेश बंद करण्याचें ठरविलें. कागद जावयाचाच होता. त्यासाठीं अश्रु ढाळण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

प्रश्न कागदाचा नाहींच. निवृत्तिवेतन हें दान कीं देणें, हा प्रश्न आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्याचें उत्तर केव्हांच देऊन ठेविलें आहे. देवकीनंदन प्रसाद यांच्या १९७१ सालच्या खटल्यांत पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नव्हे असें ठरलें, आणि १७ डिसेंबर १९८२ रोजीं नाकारा यांच्या खटल्यांत तेंच तत्त्व अधिक विस्तारानें मांडलें गेलें. सरकारी पेन्शनर हा दिवस अद्याप पाळतात. हे निकाल सरकारी नोकरांसंबंधीं होते हें खरें. पण आमच्या पूर्ण्याच्या आजोबांची बाजू त्यांहून दुबळी नाहीं. कारण त्यांच्या वेतनावर शेंकडा ८.३३ या प्रमाणानें मालकानें भरलेल्या पैशांतूनच त्यांची पेन्शन उभी राहिली आहे. आपल्या जुन्या व्यवहारांत घेणेकऱ्यास धनको आणि देणेकऱ्यास ऋणको म्हणत. या हिशेबानें खळीच्या वाफेंत बोटें झिजविणारा तो म्हातारा धनको ठरतो, आणि पेढी ऋणको. आतां ऋणकोच धनकोस म्हणतो, तूं जिवंत आहेस हें तूंच येऊन सिद्ध कर, नाहींतर मी हात आखडतों! बाजारांत कोणी असें बोलला तर त्याची पत राहील काय?

विचार करणारास निदान आपल्या अस्तित्वाबद्दल तरी संशय घेतां येत नाहीं, हें देकार्तनें दाखविल्यास आतां पावणेचारशेंहून अधिक वर्षें झालीं. दुर्दैवानें हा पुरावा ज्याचा त्यालाच उपयोगी पडतो. केंद्रावरील खिडकींत तो चालत नाहीं. तेथें मनुष्य बोलतो, रागावतो, घाम पुसतो, खिडकीमागील तरुणास तो जिवंत असल्याचें स्वच्छ दिसतें, आणि तरीही दाखला होत नाहीं. त्या तरुणाचा दोष नाहीं. त्याचे डोळे पुराव्यांत धरण्याची सोयच ठेविलेली नाहीं. गोदामांतील खोक्यासाठीं जो मनुष्य ठेविला आहे, तो येथें असून नसल्यासारखा केला आहे.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. मृताच्या नांवें वर्षानुवर्षें पेन्शन उचलणारे वारस आपल्या समाजांत नाहींत काय? आहेत, आणि खजिन्यांतील पैसा हाही शेवटीं गरिबांचाच पैसा आहे. तेव्हां ऋणकोनें खात्री करून घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें ती आपल्या पायांनीं आणि आपल्या खर्चानें करून घ्यावी, इतकेंच. १९६९ च्या कायद्याप्रमाणें गांवांत कोणी मेला तर एकवीस दिवसांत त्याची नोंद करावी लागते. ती वही सरकारचीच. कांहीं मृत्यू तींत येत नाहींत, हा उणेपणाही सरकारचाच. त्याचा दंड जिवंतांनीं कां भरावा?

मराठ्यांच्या इतिहासांतील सर्वांत मोठी पेन्शन या बाबतींत मोठी बोधप्रद आहे. १८१८ सालीं कंपनी सरकारनें दुसऱ्या बाजीरावास सालीना आठ लाख रुपये तहहयात लावून दिले व त्यास ब्रह्मावर्तास नेऊन ठेविलें. हा गृहस्थ फार वर्षें काढणार नाहीं असा गोऱ्या मुत्सद्द्यांचा अदमास होता; श्रीमंतांनीं १८५१ पर्यंत जगून तो साफ चुकविला. पण इतकी मोठी रक्कम बुडत असतांही श्रीमंतांना दरसाल हयातीचा दाखला घेऊन कलकत्त्यास जावें लागलें नाहीं. कंपनीनें आपला कमिशनर त्यांच्या उशाशीं बसविला होता. हेतु पाळतीचा होता हें उघड आहे. तरी देणाऱ्यानें जाऊन पाहावयाचें, हा शिरस्ता त्यांत सुटला नाहीं. आठ लाखांच्या धन्यास जें मिळालें, तें दोन हजारांच्या धन्यास मिळूं नये काय?

मिळूं शकतें, हेंही अनुभवास येऊं लागलें आहे. २०२० सालीं टपाल खात्याच्या बँकेनें पोस्टमनास यंत्र देऊन पेन्शनरांच्या दारीं पाठविण्याची सोय केली. मात्र तीस सत्तर रुपये शुल्क ठेविलें. म्हणजे आपण जिवंत असल्याची बातमी ऋणकोस कळविण्याचें भाडें पुन्हां धनकोनेंच भरावयाचें! २०२५ च्या नोव्हेंबरांत भविष्य निर्वाह निधीच्या संघटनेनें आपल्या पेन्शनरांपुरता हा खर्च स्वतःकडे घेतला. त्याच वर्षाच्या आरंभापासून तिच्या ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांस देशांतील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेंतून पैसे घेतां येऊं लागले आहेत. पैशास इतकें चालतां आलें, तर पुसण्यास येणाऱ्या मनुष्यासही येईल. आधारच्या खटल्यांत २६ सप्टेंबर २०१८ रोजीं न्यायालयाच्या बहुमतानें कायदा उचलून धरला, आणि एकट्या न्यायमूर्ति चंद्रचूडांनीं विरुद्ध मत दिलें. पण ज्यांचीं बोटें जुळत नाहींत त्यांना हक्क नाकारावा असें कोणत्याच बाजूनें म्हटलेलें नाहीं. उणीव कायद्यांत फारशी नाहीं. ती खिडकींत आहे.

येथवर आम्ही सरकारवर बोललों. तें सोपें असतें. पण पूर्ण्यास त्याच आळींत एक विधवा आजी भेटल्या. त्यांना श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात. ते केव्हां जमा होतात, हें त्यांस ठाऊक नाहीं; कारण संदेश मुलाच्या मोबाईलवर येतो. मुलगा वाईट नाहीं, आईचें औषधपाणी तोच पाहतो. तथापि पूर्वीं आपले पैसे आपण पदराच्या गांठीस बांधीत होतों, आणि ती गांठ सोडावयाची कीं नाहीं हें आपल्या हातीं होतें, एवढेंच त्या म्हणाल्या. पोस्टमन चहापाणी घेत असेल. पण उरलेलें तो ज्याचें त्याच्या हातांत ठेवी, मुलाच्या नव्हे. नव्या पद्धतींत पैसा खात्यांत अचूक पोंचतो, आणि मग ज्याच्या मुठींत मोबाईल त्याच्या मर्जीनें चालतो.

हें ऐकून आम्ही ओशाळलों, त्याचें कारण घरचें आहे. आमचे वडील शहाऐंशी वर्षांचे. शाळाखात्यांतून निवृत्त होऊन अठ्ठावीस वर्षें झालीं. त्यांच्या खात्यास जोडलेला क्रमांक आमचा, आणि गुप्त अंकही आम्हांसच ठाऊक. दर महिन्याच्या आरंभीं ते विचारीत, "आली का रे?" आणि आम्ही पुस्तकांतून डोकें वर न काढतां "आली" म्हणत असूं. एका पैचा अपहार झालेला नाहीं. पण हिशेब मांडतां दिसून आलें कीं, गेल्या सहा वर्षांत त्यांनीं आपला एकही रुपया आपल्या हातानें खर्च केलेला नाहीं. धाकट्या नातीस वाढदिवसाचे पांचशे रुपये द्यावयाचे असले, म्हणजे ते आम्हांजवळ येत आणि हलक्या आवाजांत मागत. आपलेच पैसे. आणि ते देतांना आम्ही, देव जाणे कां, थोडे उदार झाल्यासारखे वाटून घेत होतों.

मागच्या महिन्यांत तो क्रमांक बदलून घेतला. वडिलांजवळ बटनांचा साधा मोबाईल आहे. त्यावरील अक्षरें त्यांना भिंगावांचून दिसत नाहींत. एक तारखेस दुपारीं तो वाजला. त्यांनीं भिंग मागविलें, आंकडा सावकाश दोनदां वाचला, आणि आमच्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानें सांगितलें, "माझी पेन्शन आली."