फिरते दार

थोरामोठ्यांची घरे पाहावयास जाण्याची आपल्याला हौस असते. त्यांची दौत, चष्मा, आरामखुर्ची, पलंग पाहताना मन हळवे होते, आणि परत निघताना थोरपणाचा थोडासा वारा आपल्याही अंगाला लागला असे वाटते. यात वावगे काही नाही. ग्रंथातला माणूस उंचावरून बोलतो. घरात गेले म्हणजे तोही आपल्यासारखाच जेवत होता, झोपत होता, कर्ज काढीत होता, हे कळते. परंतु घर ही मोठी चहाडखोर वस्तू आहे. माणूस जे लिहीत नाही, ते त्याच्या घराच्या भिंती सांगून टाकतात.

धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात गेले असता तिने मला असेच एक घर दाखविले. शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर थॉमस जेफरसन यांचे मॉन्टिसेलो आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लहानसा डोंगर’. जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. १८०१ ते १८०९ अशी आठ वर्षे त्यांनी तो अधिकार चालविला. परंतु त्यांची खरी ओळख त्याहून जुनी. इंग्रजांपासून स्वतंत्र होत असल्याचा जो जाहीरनामा अमेरिकेने १७७६ साली काढला, त्याचा मसुदा त्यांच्या लेखणीतून उतरला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हा विचार राज्याच्या पायाशी बसविणारा तो कागद.

घर पाहून मन प्रसन्न होते. विटांच्या भिंती, पांढरे खांब, माथ्यावर घुमट, आणि दूरवर निळसर डोंगरांच्या रांगा. पंचविशीत त्यांनी टेकडीचा माथा सपाट करविला आणि पुढची चाळीस वर्षे बांधणे, पाडणे, पुन्हा बांधणे चालू ठेवले. आत शिरताच एक अजब घड्याळ दिसते. तोफेच्या गोळ्यांसारखी त्याची वजने दोरांवरून खाली उतरत जातात आणि भिंतीवरील खुणांपाशी येऊन वार दाखवितात. शनिवारापर्यंत भिंतच पुरेना, तेव्हा जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात पाठविला! पलंग दोन खोल्यांच्या मधोमध बसविलेला. एका अंगाने उतरले तर झोपण्याची खोली, दुसऱ्या अंगाने उतरले तर अभ्यासिका. टेकडीच्या उतारावर हजार फूट लांबीची भाजीची बाग. तीत त्यांनी तीनशेहून अधिक वाणांची लागवड करून पाहिली, आणि कोणते बी केव्हा पेरले, केव्हा उगवले याची वही ठेवली. माझ्यातली शिक्षिका त्या वहीवर फार खूष झाली.

त्या घड्याळाला बाहेरच्या अंगालाही एक तोंड आहे. तिथे मात्र फक्त तासकाटा आहे. आत मिनिटे, बाहेर तास. शेतात राबणाऱ्याला मिनिटांचा हिशेब कशाला हवा?

हे राबणारे कोण? जेफरसन यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. घोडा किंवा नांगर मालकीचा असतो, तशी मालकीची. शेते त्यांनी पिकविली, लाकूडकाम त्यांनी केले. बागेशेजारच्या रस्त्यावर खिळे पाडण्याची भट्टी होती, तिथे दहा ते सोळा वर्षांची मुले दिवसभर हातोडा मारीत. परंतु पुढच्या हिरवळीवर उभे राहिले तर यातले काहीच दिसत नाही. स्वयंपाकघर, कोठ्या आणि नोकरांच्या खोल्या उताराच्या पोटात दडविल्या आहेत. त्यांच्या छपरांवर पाहुण्यांनी संध्याकाळी फिरावयाचे.

जेवणघरात तर हे कौशल्य कळसाला पोचले आहे. चुलाण्याच्या दोन्ही कडांना लाकडात लपविलेली दोन अरुंद कप्पी आहेत. तळघरातल्या माणसाने त्यांत मद्याची बाटली ठेवावी आणि कप्पा दोराने वर चढावा. खोलीच्या टोकाला एक दार आहे. ते कडेच्या बिजागरीवर उघडत नाही, मधल्या आसावर गरकन फिरते. त्याच्या पाठीला फळ्या ठोकल्या आहेत. बाहेरच्या बोळात उभ्या असलेल्या माणसाने फळ्यांवर पदार्थ मांडावेत, दार फिरवावे, की ताटे आत आणि माणूस बाहेर! पाहुण्यांना मोकळेपणी बोलता यावे, नोकरांच्या कानी ते जाऊ नये, असा यामागचा हेतू सांगतात. त्या मेजावर स्वातंत्र्याच्या आणि मानवी हक्कांच्या किती गोष्टी झाल्या असतील! आणि प्रत्येक वेळी ते दार किती हळूच फिरले असेल!

माझी नऊ वर्षांची भाची त्या दाराकडे टक लावून पाहत होती. तिने विचारले, “मावशी, वाढणारा माणूस आत आला असता तर काय झालं असतं गं?” आणि मग, “हे चांगले होते की वाईट?”

मुलांच्या प्रश्नांना दोन सोपी उत्तरे असतात, आणि मोठी माणसे त्यांतले एक देऊन मोकळी होतात.

पहिले उत्तर असे की, तो काळच तसा होता. परंतु काळ कधी एकाच आवाजात बोलत नाही. जेफरसन स्वतःच गुलामगिरीला अन्याय म्हणत आले होते. १७८४ साली पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत ती १८०० नंतर राहू नये, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. तो एका मताने पडला. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या गुलामांच्या मुक्तीची सोय केली. १८१४ साली एडवर्ड कोल्स नावाच्या तरुण शेजाऱ्याने जेफरसन यांना पत्र लिहून विनविले की, या कामी आपण पुढे व्हावे. एकाहत्तर वर्षांच्या जेफरसन यांनी कळविले की, हे काम तरुणांचे आहे, आपले वय झाले. कोल्स यांनी मात्र १८१९ साली आपले गुलाम इलिनॉयकडे नेले, वाटेत त्यांना मुक्त केले आणि कसावयास जमिनी दिल्या. दोघांचा जिल्हा एक, काळ एक. तेव्हा सगळा दोष काळाच्या माथी मारता येत नाही.

दुसरे उत्तर असे की, हा माणूस ढोंगी, म्हणून त्याचे शब्दही खोटे. कादंबरी लिहिणाऱ्याला हे उत्तर फार सोयीचे. खलनायक आयता मिळतो. परंतु शब्दांचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे तेही टिकत नाही. एके काळी गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली त्याच जाहीरनाम्याच्या आधारे साऱ्या देशाला जाब विचारला. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेच वचन थकलेल्या हुंडीसारखे सरकारपुढे धरले. आणि १८७३ साली आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अर्पण केली तिकडच्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. म्हणजे लिहिणाऱ्याने शब्द मेजावर ठेवले, परंतु ते उचलले दारापलीकडच्या माणसांनी. ज्यांनी त्यांची किंमत मोजली, त्यांच्याच मालकीचे ते झाले. जेफरसन यांच्या दोषापायी ते फेकून देणे म्हणजे फुल्यांच्या आणि डग्लसांच्या हातातले हत्यार काढून घेणे होय.

मग भाचीला सांगावयाचे काय? मी तिला एडिथ फॉसेटची गोष्ट सांगितली. एडिथ ही या घरची मुख्य स्वयंपाकीण. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टनला नेऊन तिला फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकविला होता. त्या फिरत्या दारातून आत जाणाऱ्या पदार्थांना तिच्याच हाताची चव होती. तिचा नवरा जो हा लोहार. जाहीरनाम्याला पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, जेफरसन वारले. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज ठेवून. मृत्युपत्रात त्यांनी पाच जणांना मुक्ती दिली, त्यांत जो होता. सॅली हेमिंग्ज या दासीचे दोन मुलगेही होते. ते जेफरसन यांचेच पुत्र, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. एडिथचे नाव मात्र त्यांत नव्हते. १८२७ च्या जानेवारीत याच टेकडीवर लिलाव झाला, आणि सुमारे एकशेतीस माणसे विक्रीला निघाली. जोच्या डोळ्यांदेखत त्याची बायको आणि मुले विकली गेली. अकरा वर्षांचा पीटर त्यांतलाच. पुढे पीटर स्वतंत्र झाला, सिनसिनाटी शहरी धर्मोपदेशक झाला, आणि १९०० साली, आयुष्याच्या अखेरीस, हे घर पाहण्यास परत आला.

जेफरसन यांच्या थडग्यावर काय कोरावे हे त्यांनीच लिहून ठेवले होते: जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठाची स्थापना. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखही नाही. आयुष्याची बेरीज त्यांनी मोठ्या विनयाने मांडली. परंतु त्या बेरजेत सहाशे माणसे धरली नाहीत. ती माणसे कुठे पुरली होती? एक जागा सापडली आहे, आजच्या वाहनतळाला लागूनच. तिथल्या थडग्यांवर नावे नाहीत.

मला वाटते, जेफरसन यांना अन्याय कळत नव्हता असे नाही. कळत होता, म्हणूनच ते दार बसवावे लागले. क्रूर माणसाला अशा दाराची गरज नसते. गरज असते ती सज्जनाला, सुशिक्षिताला, ज्याचे मन आहे पण ज्याला सुख सोडवत नाही त्याला. पाप करण्यासाठी दुष्टपणाच लागतो असे नाही. नजर दुसरीकडे वळविण्याची सोय असली की पुरते. चांगला की वाईट हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. या माणसाने काय पाहिले आणि काय पाहावयाचे टाळले, हा खरा प्रश्न.

तो प्रश्न समुद्रापलीकडे ठेवून येता येत नाही. आपल्या जुन्या वाड्यांना मागचे दार होते. त्या दाराशी कोण उभे राही, कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, हे आपल्या आजी-पणजींना विचारावे. वाडे गेले, उंच इमारती आल्या, आणि त्यांपैकी कित्येकांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आली. दार तेच, आता ते विजेवर चालते, एवढेच.

दिवाळीत तुळशीपाशी, गोठ्यात, मागील दारी, इतकेच नव्हे तर उकिरड्यावरही पणती ठेवण्याची आपली जुनी चाल आहे. ज्या जागांकडे वर्षभर डोळेझाक होते, तिथे एक रात्र तरी उजेड पडावा, असे ती चाल पाडणाऱ्याच्या मनात असेल काय? यंदा फराळाचे ताट पुढे आले म्हणजे ते कोणकोणत्या हातांतून आले, हे एकदा मुलांना विचारून पाहावे. त्या हातांची नावे त्यांना ठाऊक असली, तर आपल्या घराला फिरते दार नाही असे खुशाल समजावे.