पंचनाम्यात न येणारे

घर जळाले की दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. गल्लीतलेच दोघे-चौघे पंच म्हणून उभे राहतात, कुणीतरी फळीवर कागद धरतो आणि यादी सुरू होते. सागवानी तुळया इतक्या, कपाटे इतकी, भांडीकुंडी, धान्य, कपडालत्ता, शिवणयंत्र एक. खाली अंदाजे रक्कम. विमा उतरवलेला असला तर सर्व्हेअर येऊन तीच यादी पुन्हा करतो, आणि पुष्कळदा वस्तूच्या वयाप्रमाणे घसारा कापतो. वीस वर्षे वापरलेल्या पलंगाची किंमत त्याच्या हिशेबी जवळजवळ काहीच उरत नाही. घरच्यांना ते लागते. वीस वर्षांत त्या पलंगावर दोन बाळंतपणे आणि एक दीर्घ दुखणे झालेले असते.

यादीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यावाचून कर्ज नाही, भरपाई नाही, छप्पर नाही. प्रश्न एवढाच की ज्याला यादीत रकाना नाही असेही काही घराबरोबर जळते काय; आणि जळत असेल, तर ते पुन्हा उभे करण्याचे दायित्व कुणावर येते.

समाचाराला येणारी माणसे "जीव वाचले ना, बस्स झालं" म्हणतात. तेही खरेच. कुणी जरा वाचलेला असला तर जनकराजाची आठवण देतो. मिथिला पेटली तरी माझे काही जळत नाही, असे म्हणणारा तो विदेही राजा. महाभारताच्या शांतिपर्वातल्या या वचनाचा अर्थ थोर आहे हे मान्य करूनही एक शंका राहते. जळत होती ती घरे मिथिलेच्या रहिवाशांची होती. ज्याचे घर जळत नाही त्याला वैराग्य सोपे जाते, असे म्हणण्याचा अधिकार त्या रहिवाशांना तरी असावा.

आता उभारणीकडे वळू. जुन्या घरांचे काम केलेले सुतार जळक्या लाकडाला लगेच टाकून देत नाहीत. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होते आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ वाचवतो. सुतार वाकसाने वरचा काळा थर तासतो, आतला पिवळा रंग लागला की ठोकून आवाज ऐकतो, उरलेली जाडी भार पेलेल का याचा अंदाज घेतो. लोखंडाचे तसे नाही. ते जळत नाही, पण तापले की नरमते आणि वाकते. कौले आगीत टिकली तरी बंबाच्या थंड पाण्याने तडकतात. भिंतींतला धुराचा वास दोन-तीन पावसाळे निघत नाही. असे करता करता काही जुने ठेवून, बरेच नवे घालून घर उभे राहते. मग ते तेच घर का?

सार्वजनिक वास्तूंनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. आतले महाल पुन्हा बांधले गेले नाहीत, तट, दरवाजे आणि जोती मात्र राहिली, आणि आपण आजही त्या जोत्यांना शनिवारवाडा म्हणतो. विश्रामबागवाडा १८७९ साली जळाला, तो लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा सावरला गेला. म्हैसूरचा लाकडी राजवाडा १८९७ साली राजकन्येच्या लग्नप्रसंगी जळाला, तेव्हा हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाकडून दगड-विटांचा नवाच बांधून घेतला गेला आणि तो १९१२ साली पुरा झाला. आज कुणी त्याला खोटा राजवाडा म्हणत नाही. इतिहासकारांनी यावर खुशाल वाद घालावा. राहत्या घराच्या बाबतीत मात्र हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो.

जुन्या बेळगावातल्या एका गल्लीत माझ्या ओळखीचे एक पाच खणी, दुमजली घर होते. उन्हाळ्यातल्या एका दुपारी विजेच्या तारा एकमेकींना भिडल्या आणि माळ्यावरून आग लागली. माणसे वाचली. उताऱ्यावर नावे तीन भावांची. पण त्या घरावर आणखी काहींचा हात होता. भावांची आत्या वयाच्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. माजघराचा डावा कोपरा, देवापुढची सांजवात आणि परड्याकडचे दार या तीन गोष्टी पन्नास वर्षे तिच्या. ओटीवर एक शिंपी बसे. त्याच्या बापाला या भावांच्या आजोबांनी बसवले होते. भाडे नावाला, पावती कधीच नाही. आणि परड्यातल्या आडावर उन्हाळ्यात गल्लीतल्या चार-पाच घरच्या बायका येत, त्या बोळातून सरळ आत शिरत, कुणाला विचारीत नसत.

आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत याला सुरेख शब्द आहे, वहिवाट. वहिवाटीचा कागद बहुतेक वेळा नसतो. ती पायाखाली असते, दाराच्या कडीत, रोजच्या वेळेत असते. भिंती उभ्या आहेत तोवर कुणी पुरावा मागत नाही, कारण भिंतीच तिची साक्ष देतात. त्या जळाल्या की साक्षीदारच मेला.

आगीनंतर तो शिंपी रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "नम्म मनि सुट्टु होत्री." आमच्याकडच्या वाचकांना याचा तर्जुमा नको. पण मराठीत आणायचे झाले तर अडचण आहे. 'आमचे घर' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आमचे. 'आपले घर' म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. मराठीत त्याला या दोहोंतून एक निवडावे लागले असते, आणि मोठ्या भावाने तिथेच भुवई उंचावली असती. कानडीतला 'नम्म' दोन्ही पोटात घेतो. ज्या गावात पडसाळ आणि पडसाले हा एकच शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतला आहे, तिथे घर कुणाचे हे नुसत्या उताऱ्यावरून कसे ठरावे?

नवा नकाशा आला. खाली ओटीच्या जागी गाड्या लावायची मोकळी जागा, मग तिघांचे तीन मजले. आड बुजवून त्यावर टाकी. मोठा भाऊ आत्याला म्हणाला, "आत्या, तुम्ही काळजी कशाला करता? तुम्ही आमच्याकडेच राहायचं." तो मनापासून बोलला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, आणि तरी त्या वाक्यात काहीतरी घडून गेले. कालपर्यंत जो तिचा हक्क होता, तो आजपासून उपकार झाला. छप्पर तिला मिळणारच होते, जेवणही. पण कुणी ठेवून घेतले म्हणून राहणे आणि आपण राहतोच म्हणून राहणे यांत जे अंतर आहे, ते परक्या दारी राहिलेल्या कोणत्याही बाईला विचारावे.

भावांची बाजू कमजोर नाही. कर्ज तिघांच्या डोक्यावर, मुलांची शिक्षणे तोंडावर. शिवाय त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे. जुने घर गेले. त्या घरात जे चालत होते ते त्याच्याबरोबर गेले. नवे घर हे दुसरे घर आहे, त्यावर जुन्या घराच्या वहिवाटी कशा चालतील?

गंमत अशी की जवळजवळ हाच बचाव फार जुन्या काळी एकाने केल्याचे लिहिलेले आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात मिलिंद हा यवन राजा भिक्षू नागसेनाला विचारतो की पुढच्या जन्मीचा माणूस तोच नसेल, तर मागच्या कर्माचे ओझे त्याच्यावर का? नागसेन दृष्टांत देतो. एक माणूस माडीवर दिवा घेऊन जेवायला बसला. दिव्याने छपराचे गवत पेटले, गवताने घर आणि घराने गाव. गावकऱ्यांनी त्याला धरले तर तो म्हणाला, मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती निराळी, गाव जाळणारी आग निराळी. राजा, तू कुणाच्या बाजूने निकाल देशील? मिलिंद म्हणतो, गावकऱ्यांच्या. कारण ती आग त्या ज्योतीतूनच निपजली.

दृष्टांत आग लावणाऱ्याचा आहे, पण मला तो घर बांधणाऱ्यालाही लागू वाटतो. नवे घर तेच आहे हे सिद्ध करण्याची गरजच नाही. ते निराळे असेल. पण ते त्याच जागेवर, जुन्या घराच्या भरपाईतून आणि त्याच नात्यांच्या बळावर निपजले आहे. ज्योत बदलली तरी जबाबदारीचा धागा तुटत नाही. वारसा घ्यायचा तेव्हा 'हे आमचे वडिलोपार्जित' म्हणायचे आणि देणे आले की 'हे तर नवीन' म्हणायचे, यात तर्क आहे की सोय, हे ज्याचे त्याने पाहावे.

कायद्यालाही हा पेच सुटायला वेळ लागला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाड्याची जागा आगीने नष्ट झाली तर भाडेपट्टा संपवायचा की नाही, याची निवड भाडेकरूला दिली आहे. तरीही पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने इमारतच नाहीशी झाली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपतो असे ठरवले होते. २०१४ साली त्याच न्यायालयाने ते फिरवले आणि सांगितले की भाड्याने घेतलेल्या जागेत जमीनही येते, इमारत पडली म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. गोव्यात तर भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला तिथून उठवता येऊ नये म्हणून १९७५ साली वेगळा कायदाच करावा लागला. अर्थात आत्यासाठी कुठलाही कायदा कोर्टाची पायरी चढणार नाही, आणि तीही चढणार नाही.

इथे कुणी म्हणेल, वहिवाट म्हणून सगळेच परत आणायचे का? नाही. त्याच घरात काही माणसे ओटीच्या पुढे कधी येऊ शकली नाहीत. त्यांना पाणी वरून ओतले जाई. महिन्याचे चार दिवस बायकांनी बसायची एक अंधारी खोली होती. तीही वहिवाटच. ती जळाली हे बरे झाले, आणि 'होते तसे' बांधण्याच्या हौसेने कुणी ती पुन्हा बांधू नये. माझ्या मते इथे घोटाळा होण्याचे कारण नाही. आत येणाऱ्याची वहिवाट कुणाचे तरी घेणे असते. बाहेर ठेवण्याची वहिवाट हे कुणाचेच घेणे नव्हे. तिच्यामुळे कुणाचे काही बुडत नाही.

भिंती उभ्या राहिल्या पण वहिवाट परतली नाही, असाही अनुभव या मुलखाला आहे. गांधीहत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' त्याच दिवसांवर आहे. पुढे सरकारने बांधणीसाठी कर्जे दिली. काहींनी घरे बांधली, काही कायमचे शहरांकडे गेले. ज्यांनी बांधली त्यांच्याही अंगणात पूर्वीसारखे न सांगता येऊन बसणारे कितीजण परत आले? ज्यांनी पेटवले आणि ज्यांनी त्या रात्री जिवावर उदार होऊन शेजाऱ्याला लपवले, ते एकाच गावचे होते. कर्जाच्या रकमेने वासे आणि कौले आली. उंबऱ्यावर पाय ठेवताना येणारा संकोच कुठल्या रकमेने जायचा होता?

त्या गल्लीतल्या घराचे काम अजून जोत्यावर आहे. शिंपी सध्या समोरच्या जिन्याखाली यंत्र घेऊन बसतो. मधल्या भावाने गाड्यांच्या जागेतला सहा फुटांचा तुकडा त्याला द्यावा असे सुचवले आहे, धाकटा गप्प आहे. आडाबद्दल कुणी बोलत नाही, नळ आल्यापासून बायकाही फारशा येत नव्हत्या. आत्याने वेगळी खोली मागितली नाही. वास्तुविशारद मुलगा नकाशा घेऊन आला तेव्हा तिने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "परड्याकडचं दार कुठं आहे रे?" नव्या नकाशात ते नव्हते, त्या बाजूला जिना येत होता. तिला ते दार हवे होते, कारण त्यातून बाहेर पडताना तिला कधी कुणाला सांगून जावे लागत नसे. जिना फिरवायचा तर खर्च वाढतो आणि वरच्या दोन्ही मजल्यांची मापे बदलतात. मोठ्या भावाने हिशेब मांडून पाहिला आहे. मुलाने पेन्सिलीने दाराची रेघ ओढून ठेवली आहे. ती पक्की करायची की नाही, हे दिवाळीनंतर बसून ठरणार आहे.