कुर्तुब्यातील तीन दिवस



रत्नागिरी जिल्ह्यातील एका कुटुंबाचे पत्र माझ्यासमोर आहे. मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. आईवडील त्याच्याकडे जाणार आहेत आणि तेथून तिघे मिळून तीन दिवसांसाठी स्पेनमधील कोर्दोबा, म्हणजे आपल्या ग्रंथांतील कुर्तुबा, पाहणार आहेत. वडिलांचा प्रश्न एका ओळीचा आहे: तेथील जामा मशिदीत नमाजाला मनाई आहे असे ऐकतो, तरी गुपचूप दोन रकात अदा केल्या तर चालेल का? पत्राच्या तळाशी मुलाने स्वतःच्या हाताने जोडले आहे, की पहारेकऱ्यांची नजर चुकवून दोन मिनिटांत होईल, मी चित्रफीत घेईन.

फिकहच्या अंगाने उत्तर छोटे आहे. ती इमारत आज कॅथेड्रल आहे. तिकीट घेऊन आत जाणारा तेथील नियम मान्य करून जातो, आणि मुसलमान आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधलेला असतो, असा हदीसचा आशय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या उम्मतीसाठी सारी पृथ्वी नमाजाची जागा करण्यात आली आहे, त्यामुळे कुर्तुब्यात नमाज अडत नाही. नजर चुकवून, वर चित्रफितीसाठी केलेला सजदा कोणासाठी होता, हे मुलाने स्वतःलाच विचारावे. दिखाव्याची भीती आपल्याला किती घातली गेली आहे, हे त्याला ठाऊक असेल.

परंतु मला त्या वडिलांची ओढ समजते. अल्लामा इकबाल १९३३ मध्ये तेथे गेले आणि त्यांच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ या कवितेने ते शहर आपल्या घरांपर्यंत पोहोचवले. मीही जुम्याच्या बयानात अनेकदा मोठ्या आवाजात सांगितले आहे, की युरोप अंधारात होता तेव्हा कुर्तुब्यात ग्रंथालये होती. एकदा बयानानंतर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, “मौलाना, त्या ग्रंथालयातली पुस्तके जाळली कोणी, ते राहिले सांगायचे.” मी घरी येऊन वाचले. खलीफा हकम द्वितीय यांनी जमवलेल्या ग्रंथांपैकी तत्त्वज्ञान आणि ज्योतिर्विद्येचे ग्रंथ हाजिब मन्सूर याने उलेमांना खूष करण्यासाठी जाळायला दिले होते. शत्रू तेव्हा शहराच्या जवळपासही नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे, की तिकिटे काढण्याआधी तुम्ही नियत ठरवा. पवित्र कुरआन भूमीवर फिरून पाहण्यास सांगतो. सूरह हजमध्ये (२२:४६) त्याचबरोबर असेही समजावतो, की आंधळे डोळे होत नाहीत, छातीतील हृदये होतात. अभिमान आणि दुःख या दोन्ही भावना हृदयाला आंधळे करू शकतात. फरक इतकाच, की दुःख आपल्याला पुण्यासारखे वाटते, म्हणून त्याची तपासणी आपण करत नाही.

मशिदीत सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. संत्र्यांच्या झाडांचे अंगण ओलांडून आत शिरलात की आठशेहून अधिक खांब आणि त्यांवरच्या दुहेरी, लाल-पांढऱ्या कमानी दिसतील. त्यांतील पुष्कळ खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. इ. स. ७८५ च्या सुमारास अब्दुर्रहमान प्रथम याने बांधकाम सुरू केले. अरबी इतिहासकार सांगतात, की त्याने ती जागा ख्रिस्ती लोकांकडून मोबदला देऊन घेतली. आजचे अभ्यासक या हकिगतीवर एकमत नाहीत. आपण ती खरी मानू; तरी एक प्रश्न उरतोच. राजा विकत मागत असताना नाही म्हणण्याची सोय विकणाऱ्याला होती का?

मेहराबापाशी थांबा. सोनेरी काचतुकड्यांचे ते काम हकम द्वितीय यांच्या काळातले, आणि त्यासाठी काचतुकडे व कारागीर बायझंटाइन सम्राटाने, एका ख्रिस्ती राजाने, पाठवले होते असे इब्न इजारी नोंदवतो. (जाता जाता: हा मेहराब दक्षिणेकडे झुकलेला आहे, मक्का तेथून जवळपास पूर्वेस येते. आपल्या वाड्यांत किबल्याच्या चार अंशांवरून भांडणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.) मग मन्सूरने वाढवलेल्या भागात जा. या मन्सूरने ९९७ मध्ये सांतियागोच्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कुर्तुब्याला आणवल्या, असे इतिहास सांगतो. १२३६ मध्ये राजा फर्नांदो तृतीय याने शहर घेतले तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या. आपण दुसरा प्रवास ऐकून रडतो आणि पहिल्याला विजय म्हणतो. ओझे वाहणाऱ्याच्या खांद्याला मात्र त्यात फरक जाणवला नसेल.

इमारतीच्या मधोमध उंच कॅथेड्रल उभे आहे. ते पाहून मन कडू होईल, ते साहजिकच आहे. पण हेही लक्षात ठेवा, की १५२३ मध्ये मधले खांब पाडण्याचे ठरले तेव्हा सर्वांत मोठा विरोध कुर्तुब्याच्या नगरसभेने केला. पाडकामास हात लावणाऱ्यास मृत्युदंडाची धमकी दिली. ते सारे ख्रिस्ती होते. सम्राट चार्ल्स पाचव्याने अखेर बिशपच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे काम पाहून त्याला पश्चात्ताप झाला असे म्हणतात. आज ज्या कमानी आपण पाहतो त्या वाचवण्यासाठी झगडणाऱ्यांत आपले कोणी नव्हते. त्या शहरात तेव्हा आपले कोणी उरलेच नव्हते.

येथे मला एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. ‘या जागी पूर्वी काय होते’ या प्रश्नाने आपल्या देशात किती घरे उद्ध्वस्त झाली, हे आपण विसरलेलो नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या राजाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडून मागू नये, असे आपण म्हणतो. हे म्हणणे न्यायाचे आहे आणि मी ते शेवटपर्यंत म्हणत राहीन. पण कुर्तुब्यात पाऊल टाकताच ‘ही आमची होती, म्हणून आमची आहे’ असे म्हटले, तर येथे आपण मांडलेले सारे खोटे ठरते. न्यायासाठी उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःच्या विरुद्ध का जाईना, ही सूरह निसामधील (४:१३५) आज्ञा प्रवासातही कसर होत नाही. तेथील मुसलमान नागरिकांनी नमाजाची परवानगी उघडपणे, अर्ज करून मागितली. ती नाकारली गेली. मागण्याचा तो मार्ग मला सन्मानाचा वाटतो. लपून घेतलेला सजदा मला तसा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मदीनतुज्जहराला जा. शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर खलीफा अब्दुर्रहमान तृतीय याने ९३६ पासून उभारलेल्या राजनगरीचे ते अवशेष. बांधकामात गुंतून खलीफा जुम्याला येईनासा झाला, तेव्हा काजी मुन्जिर बिन सईद यांनी मिंबरावरून सूरह शुअरातील आद लोकांच्या उंच इमारतींविषयीच्या आयती वाचल्या. खलीफा समोर बसून ऐकत होता. तो चिडला, पण काजींना पदावरून काढावे हा मुलाचा सल्ला त्याने मानला नाही. ही नगरी शंभर वर्षेही टिकली नाही. १०१० च्या सुमारास आपापसांतील यादवीत मुसलमान सैनिकांनीच ती लुटली. मी आजही मिंबरावर चढतो तेव्हा मला खांबांची संख्या आठवत नाही, मुन्जिर आठवतात, आणि आपल्या मशिदीचे विश्वस्त पहिल्या रांगेत बसलेले दिसतात.

तिसरा दिवस मोकळा ठेवा, जुन्या यहुदी वस्तीच्या गल्ल्यांत हिंडा. मूसा बिन मैमून हा यहुदी पंडित याच शहरात जन्मला. मुवह्हिद राजवटीच्या जाचाने त्याच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले, आणि अखेर मिसरमध्ये मुसलमानांच्याच दरबारी त्याला वैद्य म्हणून मान मिळाला. जवळच तटबंदीपाशी इब्न रुश्द यांचा पुतळा आहे. कुर्तुब्याचे काजी, ‘बिदायतुल मुज्तहिद’चे कर्ते, ११९५ मध्ये त्यांनाही हद्दपार केले गेले, त्यांचे ग्रंथ जाळले गेले. मराकेशमध्ये ते वारले आणि नंतर त्यांचा देह कुर्तुब्याला आणला गेला. इब्न अरबी यांनी ते दृश्य पाहिले: जनावराच्या पाठीवर एका बाजूला शवपेटी, आणि तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाजूला त्यांनीच लिहिलेली पुस्तके.

आता वडिलांच्या दोन रकातींविषयी. शहरातील कोलोन बागेत मोराबितो नावाची एक लहान मशीद आहे. वेळा आधी विचारून घ्या. तीन दिवसांचाच मुक्काम असल्याने तुम्ही शाफई असा वा हनफी, प्रवासीच आहात. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर जुहरच्या चार रकात पूर्ण कराव्या लागतील. तिघांनी मिळून जमात केलीत तर कसर होईल, दोन.