वाटी कुणी ढकलली

प्लँचेट हा शब्द आमच्या माण तालुक्यातल्या गावात आला तो १९८० सालच्या मे महिन्यात, माझ्या मावसभावाबरोबर. तो मुंबईला गिरणगावात असायचा. सुट्टीला आला की काही ना काही नवीन घेऊन यायचा, त्या वर्षी त्यानं हे आणलं. तसं त्याला सामान काही लागत नाही म्हणा. एक मोठा कागद, त्यावर गोलात लिहिलेली मुळाक्षरं, एका अंगाला 'होय', दुसऱ्या अंगाला 'नाही', मधी पालथी घातलेली छोटी वाटी आणि एक मेणबत्ती. तिघांनी एकेक बोट वाटीवर नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. मग मेलेल्या माणसाला बोलवायचं. वाटी सरकत अक्षरावर जाते, काना-मात्रा आपण लावून घ्यायची.

आमच्या घरात बोलवायला माणूस होता. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो. आदल्या साली मार्गशीर्षात विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेला होता.

विहीर आमची आणि अण्णांची सामाईक. अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची, लाईट रातची. आमच्या पाळीत एक रात दादानं दारं धरायची, एक रात मी. ती रात माझी होती. पण म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा होती आणि मला जायचं होतं. दादा म्हणाला, "जा तू, मी धरतो ज्वारीला पाणी." मी सकाळी परत आलो तेव्हा घरापुढं माणसं जमली होती.

तर त्या मे महिन्यात वाटीवर तिघं बसलो. मावसभाऊ, माझी धाकटी बहीण आणि मी. वहिनी पोराला घेऊन माहेरी होती. आई उंबऱ्यात बसलेली. आधी वाटी हलेना. मग हलली, आणि एकदा हलली ती अशी पळायला लागली की बोटं मागं राहायची. अंगावर काटा आला. मी काही भोळा नव्हतो. दहावी झालेलो, देवऋषी, भगत यांची टिंगल करणारा. तरी मला वाटलं, ही ओढ माझी नाही.

आईनं विचारलं, "कुणाच्या चुकीनं गेलास रं बाळा?"

वाटी गेली 'अ' वर. मग 'ण' वर. फिरून पुन्हा 'ण' वर.

मावसभावानं विचारलं, "काय केलं अण्णांनी?"

वाटी 'ज' वर गेली आणि मग 'ड' वर थांबली. मावसभाऊ म्हणाला, "जड? जाड?" बहिणीला काहीच कळलं नाही. मीच म्हणालो, "जोड."

दादा जायच्या आठ दिवस आधी केबल एका जागी तुटली होती आणि अण्णांनी टेप नव्हती म्हणून जोडावर चिंधी गुंडाळली होती. ते मी बघितलं होतं.

आई काही बोलली नाही. उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातनं अण्णांच्या घरी ताक जायचं बंद झालं. भांडण नाही, कोर्ट नाही, नुसता अबोला. बहिणीच्या लग्नाची पत्रिका साऱ्या भावकीत गेली, त्यांना गेली नाही. विहिरीवर पाळी बदलताना स्टार्टरची किल्ली आम्ही दगडावर ठेवायचो, हातात द्यायचो नाही. असं अकरा वर्षं चाललं. १९९१ साली अण्णा वारले. मी खांदा द्यायला गेलो, पण मागं मागं राहिलो.

आता पुढचं. दोन वर्षांनी आमच्या हायस्कुलात अंधश्रद्धा निर्मूलनवाले आले. जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवला, पोरं टाळ्या पिटत होती. कार्यक्रम संपल्यावर मी एका कार्यकर्त्याला बाजूला घेऊन वाटीचं विचारलं. तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाला, "डोळे बांधून करून बघा. आणि कुणाचं बोट काढल्यावर उत्तर बंद होतं ते बघा."

मी करून बघितलं. शाळेतले दोन मास्तर तयार झाले, बहीण दिवाळीला माहेरी आली होती. आधी उघड्या डोळ्यांनी बसलो. एका मास्तरांच्या पणजीचं नाव विचारलं, जे फक्त त्यांनाच ठाऊक. आलं बरोबर. मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बोट काढलं आणि दुसऱ्या पणजीचं नाव विचारलं. वाटी नुसती भरकटली. मग सगळ्यांचे डोळे उपरण्यांनी बांधले आणि माझ्या पुतण्याला अक्षरं लिहून घ्यायला बसवलं. जे आलं ते कोणत्याही भाषेत वाचता येईना. शेवटी पुतण्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणं त्यानं आमचे डोळे बांधलेले असताना कागद अर्धा फिरवला. 'होय' ची जागा 'नाही' ला गेली. प्रश्न असा विचारला की ज्याचं उत्तर 'होय' हे शेंबड्या पोरालाही कळावं. वाटी ताठ मानेनं गेली, जिथं आधी 'होय' होतं तिथं. म्हणजे भुताला कागद फिरलेला दिसत नव्हता. आम्हाला दिसत नव्हता म्हणून.

मास्तरांनी मग मला एक पुस्तक दिलं. विजेच्या धड्यातला फॅरडे, त्यानं १८५३ साली लंडनला हेच तपासलं होतं. तिकडं तेव्हा टेबलाभोवती हात टेकवून बसायची साथ आली होती आणि टेबलं फिरायची. फॅरडेनं हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले, मधी मऊ चिकट डिंकासारखं काहीतरी. टेबल खरंच ओढत असलं तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला पाहिजे. सरकला वरचा. म्हणजे हात ढकलत होते. बसलेली माणसं लबाड नव्हती, त्यांना खरंच वाटत होतं की आपण काही करत नाही. मग त्यानं एक काडी अशी बसवली की हात जरा जरी सरकला तर ती समोर कलताना दिसावी. ती दिसायला लागल्यावर टेबल फिरायचं थांबलं.

शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. पाभरीवर चाड्यात मूठ सोडताना दाणे कोण मोजतं? हात मोजतो. मन त्यात घातलं की पेर दाट-पातळ होते. बैलगाडीत डुलकी लागली तरी कासरा हातात बरोबर राहतो. आणि पाणाड्याचा नारळ! बोअर घ्यायची ठरली तेव्हा मी स्वतः तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरलो, निव्वळ परीक्षा म्हणून. माझा काडीचा विश्वास नाही, आणि उंबराजवळ तो टुणकन उभा राहिला. डोळे बांधून फिरलो तर दुसरीकडंच उभा राहिला. उंबराखाली पाणी असतं असं मी लहानपणापासून ऐकत आलो, ते हाताला ठाऊक होतं. बोअर तिथंच मारली. कोरडी गेली ती गोष्ट वेगळी.

इथवर सगळं मजेचं. पण त्या दिवाळीत बहिणीच्या आणि माझ्या ध्यानात एकदमच आलं आणि दोघंही गप्प झालो. जोडाचं मावसभावाला ठाऊक नव्हतं. बहिणीला नव्हतं. मला होतं.

आणि जोडामुळं दादा गेलाच नव्हता. वायरमन तेव्हाच म्हणाला होता की स्टार्टरचं अर्थिंग सुकलंय, बॉडीत करंट उतरलाय. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी ओत, हे दादानं मला दोनदा सांगितलं होतं. हेही मला ठाऊक होतं.

बहीण म्हणाली, "तू मुद्दाम केलंस का? तुला म्हाईत तरी होतं का?" खरंच नव्हतं. शपथेवर सांगतो, वाटी मी ढकलतोय असं मला एक क्षणही वाटलं नाही. कायद्यात हेतू बघतात. पाय घसरून कुणाच्या अंगावर पडलो तर तो मार धरत नाहीत. तसं हे धरायचं नाही, असं मी मनाला पुष्कळ दिवस सांगितलं. मास्तर म्हणायचे, हे तुमच्या सुप्त मनानं केलं, तुम्ही नव्हे.

पण मला ते पटेना. आधी आम्ही म्हणत होतो दादाचा आत्मा बोलला. आता म्हणायचं सुप्त मन बोललं. म्हणजे भूत बाहेर होतं ते आत आणून बसवलं आणि दोष पुन्हा त्याच्याच डोक्यावर. मी मोकळाच. भगताच्या अंगात येतं तेव्हा तोही म्हणतो, मला काही ठाऊक नाही, देव बोलला. त्याला मी ढोंगी म्हणत आलो. मग मी कोण?

उलटं मला असं वाटतं की मुद्दाम ढकलली असती तर इतकं बिघडलं नसतं. समजून खोटं बोललो असतो तर आईचं तोंड बघून चार दिवसांत कबूल झालो असतो. पण मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. अकरा वर्षं अण्णांकडं रागानं बघत होतो, आणि तो राग आतनं मला बरा वाटत होता. म्हसवडची रात आठवली की लगेच चिंधी आठवायची. फॅरडेची काडी माझ्यापुढं कुणी बसवली नव्हती हे खरं. मी शोधलीही नव्हती हेही खरं. वायरमन बोलला तेव्हा मी तिथंच उभा होतो.

आईला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तिची नजर गेली होती, आणि तिनं मला विचारलं असतं, "मग खरं कुणामुळं गेला?" १९९६ साली आई गेली.

तिच्या दिवसांना काकी आली, अण्णांची बायको. सोळा वर्षांत पहिल्यांदा आमचा उंबरा चढली. तेरावं झाल्यावर मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. वाटी, कागद, पुठ्ठे, अर्थिंग, सगळं. ती जात्यापाशी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. बराच वेळ खडे बाजूला काढत राहिली.

मग म्हणाली, "ते जाईस्तवर म्हनत हुते, काय केलं बाबा मी यांचं? आता त्यास्नी कोन सांगायचं?" थोडं थांबून म्हणाली, "मांड की तुजी वाटी."

ती चेष्टेनं म्हणाली की कशानं, मला कळलं नाही. म्हशीच्या धारेची वेळ झाली होती. ती उठली आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. मी सूप उचलून आत ठेवलं आणि घरी आलो.